बुजरी मांजर कोठ्यात येऊन राहिली: जवळ कशी आणावी, खायला काय द्यावं?

कुटारवाला, दारव्हा तालुका

पोळ्यापासून एक मांजर आमच्या कोठ्यात येऊन राहिली. सोयाबीनची पोती घरात लागली तसे उंदीर वाढले, म्हणून ती टिकावी असं घरात सगळ्यांनाच वाटते. पण इतकी बुजरी की बॅटरीचा उजेड पडला की धाब्यावर पसार. दूध-पोळी ठेवली तर रात्री कुत्रे चाटून जातात, सकाळी वाटी उलटी.

विचारायचं ते असं. जवळ आणायची रीत काय? आई माळकरी आहे, घरात अंडं-मटण शिजत नाही, मग द्यावं काय आणि किती? पोट खाली लोंबल्यासारखं दिसते, पिल्लं असतील काय? ऑपरेशन आपल्या भागात कुठं होते? आणि घरात पाच वर्षांची पोरगी आहे, तिला ओरखडलं तर काय करायचं?

‘दूध ठेवा, येईल आपोआप’ एवढंच सांगू नका बाप्पा. ते करून झालं.

---

वाडीतला बोका

वाटी रात्रभर पडून राहिली की मांजरीला तुमची गरजच उरत नाही. तुम्ही झोपल्यावर येते, खाते, जाते. खाणं माणसाकडून मिळते हे तिला कळायला जागाच नाही. म्हणून वेळ ठरवा, जागा ठरवा आणि वीस मिनिटांत ताटली उचला, रिकामी असो की भरलेली. दोन दिवस उपाशी गेली तरी चालेल असं मात्र करू नका. मांजर दोन-तीन दिवस काहीच न खाता राहिली तर यकृतावर चरबी चढून दगावू शकते. तुमची उंदरांवर जगून राहिली आहे, त्यामुळे ती काळजी सध्या नाही.

वेळ धार काढायची निवडा, पहाटेची किंवा दिवेलागणीची. मांजर त्याच वेळी हिंडते. शिवाय तुम्ही गाईखाली बसले असता, तिच्याकडे पाहत नसता. तिला तेच हवं असते.

जागा उंचावर. कुटाराच्या खोलीची अर्धी भिंत किंवा माचाण, जमिनीपासून निदान चार फूट. मांजर सहज चढते, गावातले कुत्रे चढत नाहीत. दोन बाजूंनी पळायला वाट हवी. कोपऱ्यात ठेवलं तर एक घास घेऊन पळेल. खोल वाटी नको, पसरट ताटली घ्या, म्हणजे खाता खाता तिला आजूबाजूचं दिसते. ठेवताना चमचा ताटलीवर दोनदा वाजवा, रोज तसाच. पहिले काही आठवडे खायला देणारं माणूसही एकच ठेवा.

सुरुवातीला ठेवा आणि निघून जा. लागोपाठ चार दिवस वीस मिनिटांच्या आत ताटली साफ होऊ लागली की मग थांबायला लागा, पंधरा फुटांवर, खाली बसून, तिच्याकडे कूस करून. हातात काहीतरी काम घ्या, शेंगा सोला, दोर वळा. टक लावून पाहणं मांजरीला धमकी वाटते. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा, उघडा आणि मान वळवा. दर दोन-तीन दिवसांनी एक फूट पुढं सरका. पण कॅलेंडर पाहून सरकू नका, तिची मान पाहून सरका. एका ताटलीत दोन-तीनदा मान वर केली तर ठीक आहे. दर घासाला मान वर, कान बाजूला चपटे, मागचे पाय ताणून पोट जमिनीला लागलेलं, असं दिसलं तर तुम्ही फार जवळ बसले. उद्या चार फूट मागं जा आणि आठवडाभर तिथंच थांबा.

बिघडते ते हमखास तीन फुटांवर. इतकी जवळ आली की हात आपोआप पुढं जातो. एकदा पकडायचा प्रयत्न झाला की ती ताटलीची जागाच टाळते, आणि पुन्हा पंधरा फुटांपासून सुरुवात करावी लागते.

हात लावायच्या आधी तुराटी लावा. तीन फुटांची सरळ तुराटी घ्या, टोकाला जुन्या धोतराची मऊ चिंधी गुंडाळा. ती खात असताना टोक बाजूनं, जमिनीलगत पुढं न्या आणि थांबा. ती हुंगेल. गाल घासला तर गालावर हलकेच दोनदा फिरवा आणि लगेच मागं घ्या. दर आठवड्याला तुराटी वीतभर तोडत जा. शेवटी हाताची पाळी येते, तेव्हा हनुवटीखालून आणि गालावरून, तीन सेकंद. डोक्यावरून हात आणू नका, वरून येणारं काहीही तिला झडप वाटते. शेपटीचं टोक फटकारायला लागलं की थांबायचं.

पूर्वी कुणाच्या घरात राहिलेली मांजर दोन-चार आठवड्यांत वळणावर येते. ती शेपटी उभी धरून चालते, आवाज देते. बाहेरच जन्मलेली, वाढलेली मांजर माणसासमोर गप्प असते. तिला महिने लागतात, आणि काही कधीच हात लावू देत नाहीत. पिल्लांचं वय दोन ते सात आठवड्यांचं असेल तर मात्र रोज थोडं हाताळलं की ती माणसाळतात.

---

वैनगंगाकाठ

खाण्यापुरतं मी लिहितो.

मांजर माळ घालत नाही, हे आईंना आधीच सांगून टाका. तिच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांस-मासळीतून येतो. वरण-भात, दूध-पोळीत तो नाही. कमी पडला की पुढं डोळे आणि हृदय बिघडते. उंदरात तो असतो, म्हणून कोठ्यातल्या मांजरी दूध-पोळीवर जगलेल्या दिसतात. खरं तर त्या उंदरांवर जगतात.

तुमच्या घरासाठी सोपा मार्ग म्हणजे तालुक्याला मिळणारं मांजरीचं कोरडं खाद्य. शिजवणं नाही, वास नाही, डबा कोठ्यात वेगळा ठेवता येते. तीन किलोच्या मांजरीला दिवसाला ४५ ते ५५ ग्रॅम, दोन वेळात. किराण्याच्या काट्यावर एकदा तोलून एखाद्या डबीवर खूण करून ठेवा. ती शिकार करते म्हणून निम्म्यापासून सुरू करा, अंग धरते की नाही पाहून वाढवा. कुत्र्याचं खाद्य देऊ नका, त्यात मांजरीच्या गरजेइतकं टॉरिन असेलच असं नाही.

कोठ्यात वेगळी चूल, वेगळा गंज चालत असेल तर १०० ग्रॅम बिनमिठाचं उकडलेलं कोंबडीचं मांस आणि एक उकडलेलं अंडं, एवढ्यात तीन किलोच्या मांजरीचा दिवस भागते. कायम याच्यावरच मात्र ठेवू नका, मुख्य खाणं कोरडं खाद्यच हवं, नुसत्या मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडते. आठवडी बाजारात कोंबडीवाल्याकडे पोटा-कलेजी स्वस्त मिळते. पोटा रोज चालेल, कलेजी मात्र आठवड्यातून दोनदा, लिंबाएवढी. जास्त झाली तर अ जीवनसत्त्व साचून हाडं आखडतात. सुकट किंवा सुके झिंगे वासासाठी फार कामाचे, पण मीठ भरपूर. अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला, उकळा आणि चिमूटभर वरून घाला. बुजऱ्या मांजरीला ताटलीपर्यंत आणायला याच्यासारखं काही नाही.

रश्शातले तुकडे धुऊन दिले तरी नको. सावजीचा तर नाहीच नाही. कांदा-लसूण मांसात मुरते आणि मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडंही नको, ती अणकुचीदार फुटतात.

मोठ्या मांजरीला दूध बहुधा पचत नाही, ढाळ लागते. द्यायचीच हौस असेल तर चमचाभर दही. पाणी खाण्यापासून दोन-चार हात लांब, पसरट मातीच्या भांड्यात, रोज ताजं. मुंग्या येत असतील तर ताटली पाण्याच्या परातीत उपडी वाटी ठेवून तिच्यावर मांडा. आता थंडी आहे म्हणून ठीक, पण मे महिन्यात ओलं खाणं अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका.

पिल्लं पाजत असेल तर खाणं दुप्पट-तिप्पट लागेल. ते तीन-चार वेळात वाटून द्या, एकदम ढीग नको.

आणि ‘पोटभर दिलं तर उंदीर कशाला मारेल’ हे कुणी ना कुणी तुम्हाला ऐकवेलच. शिकारीची खोड भुकेवर अवलंबून नसते. पोट भरलेली मांजरही उंदीर मारते, खात नाही एवढंच. उपाशी ठेवली तर ती शेजारच्या वाडीत जाईल, मग तुमच्या सोयाबीनला काय उपयोग?

---

कुटारवाला

आईला वाचून दाखवलं, माळेवर हसली. कोरडं खाद्य चालेल म्हणते, डबा कोठ्यातच ठेवा म्हणे.

दोन गोष्टी राहून गेल्या. मांजरीचा रंग मातकट, अंगावर पट्टे नाहीत, शेपटीला काळी कडी दिसते, पाय लांब वाटतात. आणि परवाच कोठ्यात गोचिडाचं औषध मारलं. त्याचं काही?

---

बांधावरचा, चंद्रपूर

थांबा. आधी शेपटी पाहा.

मातकट अंग, लांब पाय, शेपटीला काळी कडी हे वर्णन रानमांजरीचं आहे, आणि ती आपल्याकडे शेतात, नाल्याकाठी, गवतात सगळीकडे असते. तिची शेपटी आखूड, मागच्या पायाच्या ढोपरापर्यंतच पोचते. कान उंच, टोकाला बारीक काळे केस, उभी राहिली की पाय लांब दिसतात. गावच्या मांजरीची शेपटी जवळजवळ जमिनीपर्यंत येते. काही गावठी मांजरी बिनपट्ट्याच्या मातकट असतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. फोनवर लांबून फोटो काढा आणि शेपटी मोजा.

रानमांजर निघाली तर खायला घालणं, माणसाळवणं, पिंजरा लावणं सगळं बंद. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ती संरक्षित आहे. ती उंदीर तसेही खातेच, तिला तिच्या वाटेनं येऊ-जाऊ द्या. वाघाटीचंही तेच. ती आकारानं लहान, दीडेक किलोची, अंगावर तांबूस ठिपके, त्यामुळे लोक मांजरीचं पिल्लू समजून घरी आणतात. तूर-धानाच्या कापणीत पिल्लं दिसली तर तेवढा तुकडा रात्रभर सोडा, आई येऊन उचलून नेते. नाहीच नेली तर वन विभागाचा १९२६ नंबर लावा.

आता औषध. ढोरांच्या गोचिडावर आपण मारतो ते डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन नाहीतर अमिट्राझ असते. पहिली दोन पायरेथ्रॉइड गटातली. गाई-बैलांना सोसते, मांजरीचं यकृत ते नीट फोडू शकत नाही. ओल्या जमिनीवर ती लोळते, मग अंग चाटते. लाळ, थरथर, झटके ही लक्षणं काही तासांत दिसतात. फवारणीच्या दिवशी जमीन आणि ढोरांचं अंग खडखडीत वाळेपर्यंत तिची ताटली वाड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. मांजरीच्या पिसवांवर हे औषध चुकूनही लावू नका. अंगावर पडलंच आणि पकडता आली, तर जाड हातमोजे घालून कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवा, बारदानात गुंडाळून ऊब द्या आणि डॉक्टर गाठा. काळं फिनाईलही तिच्या फिरण्याच्या जागेत नको.

उंदराचं विष आणि मांजर यांतलं एक निवडा. झिंक फॉस्फाइड खाऊन मेलेला उंदीर तिच्या पोटात गेला तरी धोका आहे. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी तर उंदीर लगेच मरतच नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरते, आणि असा सुस्त उंदीरच मांजर आधी धरते.

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देणारे लोक आहेत. एक गोळी मांजरीचा जीव घेते.

आमच्यासारख्या जंगलाकडेच्या गावात ताटली न उचलण्याचा आणखी एक तोटा. उष्ट्यावर कुत्रे जमतात आणि कुत्र्यांच्या मागं बिबट येते.

---

पिंजरेवाला, अकोला

वर तुराटीचं छान लिहिलं, पण कोठ्यातल्या मांजरीला हात लावायचा हट्ट कशाला? वेळेवर येणारी आणि पिंजऱ्यात स्वतःहून शिरणारी मांजर पुरते. ऑपरेशन त्यानंच होते. गोंजारणं नंतर झालं तर झालं.

पोट लोंबते यावरून काही ठरत नाही, खूप मांजरींना तशी सैल कातडी असते. सड पाहा. गुलाबी, मोठे, भोवतालचे केस झडलेले असले तर पाजून राहिली आहे. खाऊन झाल्यावर रोज एकाच दिशेनं सरळ जात असेल तर पिल्लं तिकडं आहेत, बहुधा तुमच्याच कुटारात. तेव्हा कुटार काढताना दाताळं मारू नका, हातानं वरचे वर काढा. पिल्लं हलवू नका, माणसानं चाळवली की ती त्यांना दुसरीकडे नेते आणि तुमचा माग जातो.

ऑपरेशन पिल्लं सात-आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की करायचं, त्याहून उशीर नको. मांजर पिल्लं पाजतानाही पुन्हा गाभण राहू शकते. गर्भ ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लू चार-सहा महिन्यांत स्वतः माजावर येते. पोळ्याची एक मांजर पुढच्या पोळ्याला किती होतील, तुम्हीच हिशेब करा.

उंदराचा पिंजरा लहान पडते. वेल्डिंगच्या दुकानातून जाळीचा करून घ्या, ३० इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. जाळीचं भोक एक इंचाहून मोठं नको, नाहीतर पंजा बाहेर काढून तुमचा हात फाडेल. तळाला बारदान घाला, पायाला तार टोचली की ती आत जात नाही. दार तारेनं उघडं बांधून रोजची ताटली आधी तोंडाशी ठेवा, मग दर दिवशी वीतभर आत सरकवा. शेवटच्या टोकाला जाऊन निवांत खायला लागली की दाराची तार सोडायची. आदल्या संध्याकाळचं खाणं चुकवा, पाणी ठेवा. भूल द्यायला मोठ्या मांजरीचं पोट रिकामं लागते.

दार पडताच पिंजऱ्यावर जाड पोतं टाका. अंधार झाला की दोन-तीन मिनिटांत ती थंडावते. उघडं ठेवलं तर जाळीवर नाक आपटून रक्त काढेल. गाडीत ऊन लागू देऊ नका. तोंड बांधलेल्या पोत्यात घालून नेणारे लोक आहेत, त्यात मांजर गुदमरते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरीचं ऑपरेशन होतेच असं नाही, आधी विचारून घ्या. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, दोन्हींकडे दवाखाना चालतो. वार आणि वेळ फोनवर पक्की केल्याशिवाय पिंजरा लावू नका. पकडलेली मांजर दोन दिवस घरात ठेवणं सगळ्यांनाच जड जाते. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: विरघळणारे टाके, त्याच टेबलावर रेबीजची लस आणि डाव्या कानाचं टोक कापून खूण. खूण नसली तर पुढं कुणीतरी पुन्हा पोट उघडेल.

मादीला दोन दिवस झाकलेल्या पिंजऱ्यात ठेवा, खाऊ-पिऊ लागली की त्याच कोठ्यात सोडा. दुसऱ्या गावाला नेऊन सोडलेली मांजर तिथं टिकत नाही.

---

उपकेंद्राजवळ

पोरीचं विचारलं ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

चावा किंवा ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, पट्टी बांधायची नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, रेबीजची लस तिथं फुकट मिळते. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागते, ते केंद्रात नसेल तर तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवतात. कातडीतली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. मांजर धडधाकट दिसते म्हणून थांबायचं नाही, आणि मधला डोस चुकवायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. मांजरीचा दात बारीक आणि खोल जाते, वरून टिंब दिसते, आत पू धरते. दुसऱ्या दिवशी हात सुजला, लाल झाला तर पुन्हा डॉक्टर.

पोरीला ताटली ठेवायला एकटीला पाठवू नका. आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: बुजरी मांजर एखाद दिवशी अचानक अंगाशी आली, लाळ गाळते, मागचे पाय झोकांडते किंवा विनाकारण अंगावर येते, तर ती माणसाळलेली नाही. जवळ जाऊ नका, कोठ्याचं दार लावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजरीची विष्ठा तिनं उचलू नये, दुसऱ्यानं रोजच्या रोज उचलावी. पोटातल्या बाळाला बाधणारे टोक्सोप्लाझ्माचे जंतू विष्ठेत एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होतात, ताजी उचलली की धोका कमी.

---

कुटारवाला

फोटो काढला. शेपटी जमिनीला टेकते, म्हणजे गावचीच. सडही मोठे दिसले. कुटाराला हात लावणं बंद केलं, ढोरांना दुसऱ्या ढिगातलं घालून राहिलो.

वेल्डिंगवाला विचारते, दार वरून पडणारं करू की आत झुकणारं?

---

पिंजरेवाला, अकोला

वरून सरळ पडणारं, दोन्ही बाजूंना पट्टीच्या खाचेत. खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावायला सांगा, शेपटी सापडली तरी तुटत नाही. आणि बाहेरून खिटी हवीच. खिटी नसली तर ती नाकानं दार उचलून निघून जाते, आणि त्या पिंजऱ्याकडे मग पुन्हा फिरकत नाही. पिंजरा पुढच्या बाजाराला आणून ठेवा, पण दार आत्ताच सोडू नका, पिल्लं खायला लागेपर्यंत तारेनं बांधलेलंच राहू द्या. तोपर्यंत ताटली आत सरकवायला भरपूर वेळ आहे.